दोन उगमांची वीज

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास सांगताना आपण सह्याद्रीच्या माथ्यावरील जलाशयांचे वर्णन करतो, कड्यावरून उतरणाऱ्या पोलादी नळांची उंची सांगतो, कोराडीची आणि चंद्रपूरची धुरांडी मोजतो, आणि टाटांपासून विद्युत मंडळापर्यंतच्या कर्त्या पुरुषांची नावे आदराने घेतो. परंतु ज्या जागी एका उगमाची वीज थांबते आणि दुसऱ्या उगमाची वीज त्याच तारांतून त्याच दिव्यांपर्यंत वाहू लागते, त्या संधिस्थानाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. बाजारपेठेतील दुकानात, मंगल कार्यालयात, रुग्णालयात किंवा गृहसंस्थेच्या जिन्याखाली भिंतीवर बसवलेला चेंजओव्हर हे ते संधिस्थान होय. जनरेटर सुरू झाला की दिवे लुकलुकतात, पंखा मंदावतो, एका खोलीतील दिवा डोळे दिपवील इतका तळपतो तर शेजारच्या खोलीतील दिवा लालसर होतो. आणि मग घरमालक, भाडेकरू व मिस्त्री असे सगळे मिळून जनरेटरला नावे ठेवतात. माझ्या मते हा दोषारोप बहुतांशी अस्थानी असतो. दोन उगम एकत्र नांदवण्याची जी शिस्त या प्रांतात मोठ्या कष्टाने रुजली होती, ती यंत्राबरोबर बाजारात उतरली नाही, आणि दाबाच्या चढउताराविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे आहे.

ती शिस्त प्रथम मुंबईत आकाराला आली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि १९०७ च्या मे महिन्यात शहरात विजेची ट्राम धावू लागली. परंतु गिरणगाव तेव्हा वाफेवरच चालत होता, आणि प्रत्येक गिरणीचे इंजिन, बॉयलर व धुरांडे ही तिची स्वतंत्र संस्थाने होती. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युतकेंद्र सुरू झाले, लोणावळ्याच्या परिसरातील वळवण व शिरवटा यांसारख्या जलाशयांचे पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून खाली येऊन यंत्रे फिरवू लागले, आणि तेथील वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबाने घाट व खाडी ओलांडून परळपर्यंत पोहोचली. पुढे १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र त्याच कामात सामील झाले. तीन वेगवेगळ्या खोऱ्यांतील पाणी, तीन वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रे आणि ती सर्व एकाच शहराची चाके फिरवणार, ही घटना आज आपल्याला इतकी सामान्य वाटते की तिच्यामागील कौशल्याचा आपल्याला विसर पडला आहे.

ते कौशल्य नेमके काय होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रत्यावर्ती विजेची दोन यंत्रे एकाच पट्टीवर जोडावयाची तर दोघांचा दाब समान असावा लागतो, दोघांची आवर्तने समान असावी लागतात, तिन्ही फेजांचा क्रम एक असावा लागतो, आणि एवढे सगळे जुळल्यावरही ज्या क्षणी एकाची लाट शिखरावर असेल त्याच क्षणी दुसऱ्याचीही असावी लागते. जुन्या वीजघरांत याची परीक्षा दिव्यांनी करीत. उघड्या स्विचच्या दोन टोकांमध्ये दिवे जोडलेले असत. येणारे यंत्र चालू यंत्रापेक्षा किंचित वेगळ्या गतीने फिरत असेल तोवर ते दिवे आळीपाळीने उजळत व मावळत, गतीतील अंतर जसजसे कमी होई तसतसे हे उजळणे-मावळणे संथ होत जाई, आणि अखेर दिवे पुरते विझून काही काळ तसेच राहिले म्हणजे त्या काळोखाच्या मध्यावर पाळीवरचा इंजिनिअर स्विच टाकी. क्षणभर आधी किंवा नंतर टाकला तर टनावारी वजनाच्या यंत्राला असा हिसका बसे की दांडे पिळवटत आणि वेटोळी जळून निघत. पुढे दिव्यांच्या जोडीला काटा फिरणारे सिंक्रोस्कोप आले, पण रीत तीच राहिली: येणाऱ्या यंत्राला चालू यंत्राची लय साधेपर्यंत थांबवून ठेवायचे, जोडल्याची वेळ नोंदवहीत लिहायची, कोणाच्या हुकुमाने जोडले तेही लिहायचे, आणि मगच त्यावर हळूहळू भार चढवायचा. या नोंदवह्यांना मी दफ्तरी उपचार समजत नाही. दोन उगमांचा मिलाप हा जबाबदारीचा विषय आहे, त्याची जबाबदारी एका नावानिशी माणसावर असली पाहिजे, ही जाणीव त्या नोंदीत होती.

कायद्यानेही या जाणिवेला आधार दिला होता. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याने वीज पुरवण्याचा अधिकार सनदेने बांधला आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या विद्युत नियमांनी तपशील ठरवला: ग्राहकाच्या दारी कमी दाबाची वीज ठरलेल्या दाबाच्या सहा टक्क्यांपलीकडे वर किंवा खाली जाऊ नये, आणि तीन फेज व चार तारांच्या पद्धतीत न्यूट्रलची तार वीजघरात व उपकेंद्रातही किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीला जोडलेली असावी. या दुसऱ्या अटीतील ‘दोन’ या संख्येकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की फेजची तार तुटली तर दिवा विझतो आणि माणूस तक्रार घेऊन येतो, परंतु न्यूट्रल तुटली तर दिवा विझेलच असे नाही. तो अधिक तेजाने जळेल, आणि तक्रार यायच्या आधीच घरातील वस्तू जळून जातील.

हे कसे घडते ते आकड्यांनी पाहणे उपयुक्त ठरेल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट, आणि कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. समजा, एका फेजवर हजार वॉटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्या फेजवर दोनशे वॉटचे दिवे आहेत, तिसऱ्यावर काहीच नाही, आणि अशा वेळी न्यूट्रलचा सांधा सुटला. आता इस्त्री आणि दिवे ही एकामागोमाग एक जोडलेली होऊन त्या ४०० व्होल्टांची आपसांत वाटणी करतात, आणि ही वाटणी समान नसते: इस्त्रीला जेमतेम ६७ व्होल्ट मिळतात आणि दिव्यांवर सुमारे ३३३ व्होल्ट येऊन आदळतात. ज्याने अधिक वीज मागितली त्याला उपाशी ठेवायचे आणि ज्याने थोडकी मागितली त्याला मारून टाकायचे, असा हा न्यूट्रलविरहित कारभार आहे. एका खोलीत लालसर दिवा व दुसऱ्या खोलीत तळपता दिवा, हे जे लक्षण आरंभी सांगितले, ते या कारभाराचे होय. तेथे इंजिनाच्या वेगाशी किंवा डिझेलच्या प्रतीशी झगडत बसणे व्यर्थ आहे.

आता यंत्र वीजघरातून बाहेर कसे पडले ते पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि शेतीच्या अवजारांपासून आरंभ केला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्यात खडकीला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना उभा केला, आणि पुढील दोन दशकांत मराठी मुलखातील विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांवर आणि उसाच्या गुऱ्हाळांवर डिझेल इंजिनाचा आवाज परिचयाचा झाला. १९६२ साली पुण्यातच किर्लोस्कर-कमिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि मोठ्या शक्तीची इंजिने देशात बनू लागली. इंजिनाला अल्टरनेटर जोडला की जनरेटर झाला. जत्रांतून हिंडणारे तंबूतले सिनेमे या जनरेटरचे पहिले मोठे आश्रयदाते होते. पडद्यामागे किंवा तंबूबाहेर इंजिन, त्यावर चालणारे प्रक्षेपण यंत्र, आणि कार्बनच्या दोन कांड्यांमधील प्रखर ज्योत. तमाशाचे फडही हेच करीत. या माणसांजवळ एकच उगम होता आणि तारांचे एकच जाळे होते. वीज आपली, तारा आपल्या, दोषही आपला. इंजिन दमले तर चित्र मंदावते हे तंबूतल्या मिस्त्रीला कानाने कळे आणि तो थ्रॉटलवर हात ठेवी. दाबाचा चढउतार तेव्हाही होताच, पण त्याचे कारण शोधण्यात गोंधळ नव्हता.

गोंधळ सुरू झाला तो त्याच तारांवर दुसरा धनी आल्यावर. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली, गावोगाव खांब उभे राहिले, आणि इंजिनवाल्यांनी मंडळाची जोडणी घेतली; परंतु जुने इंजिन त्यांनी मोडीत काढले नाही, ते अडीअडचणीसाठी ठेवले. ही अडचण लवकरच आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या परिसरात भूकंप झाला, कोयनेची वीज थांबली, आणि एका उगमावर सर्वस्वी विसंबण्याचा धोका कारखानदारांच्या मनावर एका दिवसात बिंबला. पुढील वर्षांत वीज कपात हा सरकारी व्यवहारातील नित्याचा शब्द झाला. कारखान्यांनी जनरेटर घेतले ते बहुधा रीतसर घेतले, विद्युत निरीक्षकाची मंजुरी घेतली, चारही तारा बदलणारे चेंजओव्हर बसवले. छोट्या आस्थापनांनी मात्र खर्च वाचवला, आणि तो न्यूट्रलवर वाचवला.

या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रावर जे भारनियमन कोसळले, त्याने हा वाचवलेला खर्च व्याजासह वसूल केला. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला होता, मागणी वाढत होती, नवी केंद्रे उभी नव्हती. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले, आणि त्याच सुमारास खेड्यांत व तालुक्याच्या गावांत दिवसाचे कित्येक तास वीज नसणे हा नियम होऊन बसला. पुणेकरांनी २००६ साली यातून एक मार्ग काढला, तो स्मरणात ठेवण्याजोगा आहे: सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर टंचाईच्या वेळी स्वतःसाठी चालवायचे, त्यांच्या वाट्याची सुमारे ९० मेगावॅट वीज त्यामुळे शहराला मोकळी करायची, आणि महागड्या डिझेलचा फरक ग्राहकांनी युनिटमागे थोडे अधिक पैसे देऊन भरून काढायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ही तजवीज देशभर गाजली. खासगी जनरेटर आणि सार्वजनिक जाळे यांनी एकमेकांचा भार ओळखून वागण्याचा तो प्रयोग होता, आणि तो यशस्वी झाला याचे एक कारण असे की त्या कारखान्यांत वीजघराची जुनी शिस्त अद्याप जिवंत होती.

बाजारपेठांत असे घडले नाही. अनेक गावांत एखादा उद्योगी गृहस्थ बोळात जनरेटर ठेवी आणि दिव्या-पंख्यांच्या पॉइंटमागे भाडे घेऊन पंचवीस-तीस दुकानांना वीज देई. या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही, कारण त्या काळात औषधाच्या दुकानांतील शीतपेट्या आणि मुलांचे अभ्यास याच विजेवर चालले. परंतु प्रत्येक दुकानापर्यंत दोन तारा नेण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी एकच तार नेली जाई, फेजची. आणि परतीसाठी दुकानातील वीज कंपनीची न्यूट्रल वापरली जाई. तीच युक्ती इमारतींच्या आतही झाली. एका फेजचा जनरेटर आणायचा, तिन्ही फेजांचे दिवे त्या एकट्यावर टाकायचे, आणि न्यूट्रल होती तशी राहू द्यायची.

यातील धोका असा की तो लगेच दिसत नाही. तीन फेजांवर प्रत्येकी २० अँपिअर भार असेल तर न्यूट्रलमध्ये हे तिन्ही प्रवाह एकमेकांना छेदून जवळजवळ शून्य होतात; म्हणूनच आपल्याकडे साडेतीन कोअरची केबल, म्हणजे तीन पूर्ण जाडीच्या तारा आणि न्यूट्रलची एक अर्धी, वापरण्याचा प्रघात पडला, आणि वीज कंपनीच्या तीन फेजांपुरता तो योग्यही होता. परंतु तोच सर्व भार जनरेटरच्या एका फेजवर टाकला की छेद जाण्यासारखे काही उरत नाही. ६० अँपिअर फेजमधून जातात आणि ६० च्या ६० न्यूट्रलमधून परत येतात, त्याही त्या अर्ध्या जाडीच्या तारेतून. तार तापते, सांधा तापतो, ॲल्युमिनियम फुगते, थंड झाल्यावर आकसते, स्क्रू सैल होतो, सांध्यावर काळपट थर चढतो. हे सारे जनरेटरच्या तासांत घडते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण फेज एकच असल्यामुळे न्यूट्रल सैल झाली तरी दिवे केवळ मंद होतात. मग केव्हातरी वीज कंपनीचा पुरवठा परत येतो, तीन फेज परत येतात, न्यूट्रलचा सांधा तोवर निकामी झालेला असतो, आणि दूरदर्शन संच जळतो. घरमालक म्हणतो, वीज कंपनीने दाब वाढवला. वीज कंपनीचा माणूस रोहित्रापाशी दाब मोजतो आणि तो बरोबर निघतो. दोघेही खरे बोलत असतात. अपराध जनरेटरच्या तासांत झाला आणि शिक्षा वीज कंपनीच्या तासांत मिळाली. या एका गोष्टीने गेल्या दोन पिढ्यांत किती भांडणे लावली असतील याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटते, कारण ती सर्व एका सांध्याच्या तपासणीने टळण्याजोगी होती.

जाणते वायरमन ही तपासणी कशी करीत आले आहेत ते सांगितले पाहिजे, कारण ही विद्या बहुतांशी मुखपाठाने चालत आली आहे. ते प्रथम यंत्राकडे जात नाहीत. ते दिव्यांची वागणूक विचारतात. सगळे दिवे एका तालात, संथपणे, मंद आणि तेज होत असतील तर इंजिनाचा गव्हर्नर स्थिर नाही. चार ध्रुवांच्या यंत्राने मिनिटाला १५०० फेरे केले तरच सेकंदाला ५० आवर्तने मिळतात, आणि १४१० फेऱ्यांवर ती ४७ होतात. लिफ्ट किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर सगळे दिवे दबत असतील तर यंत्र त्या मोटरीच्या मानाने लहान आहे, कारण सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रोहित्रामागे सारे जाळे उभे असते म्हणून ते हा धक्का सहन करते, जनरेटरमागे कोणी नसते. परंतु एका खोलीत दाब चढतो आणि त्याच वेळी दुसरीत उतरतो, असे उत्तर मिळाले की ते पुढे काही विचारीत नाहीत. मीटरच्या पेटीपासून आरंभ करून न्यूट्रलचा प्रत्येक सांधा उघडतात. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधील दाब दोन्ही उगमांवर, आणि दोन्ही वेळा पूर्ण भार टाकून मोजतात. तो दोन-तीन व्होल्ट असला तर ठीक. भाराबरोबर तो वाढत वाढत दहा-वीसवर गेला की दोष सापडल्यात जमा असतो. ज्यांच्याजवळ मीटर नसे ते दोन दिवे एकामागोमाग जोडून केलेला सिरीज लॅम्प वापरीत, म्हणजे चुकून दोन फेजांमध्ये लागला तरी फुटत नाही.

या विद्येची आणखी एक बाजू आहे, आणि ती दाबाच्या तक्रारीहून कितीतरी गंभीर आहे. चेंजओव्हर न लावता जनरेटरची वीज घराच्या तारांत सोडली आणि मेन स्विच बंद करायचे राहिले, तर ती वीज मीटरमधून उलटी जाऊन खांबावर चढते, आणि ११,००० व्होल्टांचे ४३३ करणारे रोहित्र तितक्याच निष्ठेने उलट दिशेने काम करून ४०० व्होल्टांचे पुन्हा हजारो करते. खांबावर चढलेल्या लाइनमनने उपकेंद्रातून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घेतलेली असते, आणि तरीही त्याच्या हातातील तार जिवंत असते. फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, आणि एका वेळी एकाच बाजूला लागू शकणारा स्विच हवा असा जो आग्रह विद्युत निरीक्षक धरतात, त्याला कटकट म्हणणाऱ्यांनी त्या लाइनमनचा विचार करावा. मला तर चारही तारा बदलणारा स्विच सक्तीचा असावा असे वाटते, मग आस्थापन कितीही लहान असो.

आता या इतिहासात तिसरा उगम आला आहे. गृहसंस्थांच्या गच्चीवर सूर्यशक्तीची तावदाने बसू लागली आणि त्यांचा इन्व्हर्टर वीज कंपनीच्या आवर्तनांशी आपली लय आपण जुळवून घेतो. खोपोलीचा इंजिनिअर दिवे पाहून जे करी ते हा इन्व्हर्टर स्वतःच्या मोजमापाने करतो. परंतु पुरवठा गेला आणि जिन्याखालचा जनरेटर सुरू झाला की त्या इन्व्हर्टरला जनरेटर हाच वीज कंपनीचा पुरवठा वाटतो, आणि दुपारच्या उन्हात इमारतीचा भार थोडा असेल तर तो उरलेली वीज जनरेटरमध्येच ढकलू लागतो. इंजिनाचा गव्हर्नर डिझेल कमी कमी करीत जातो, दाब वर चढतो, इन्व्हर्टर तो असह्य होऊन सुटतो, सारा भार एकदम इंजिनावर येतो, दिवे दबतात. इन्व्हर्टर काही मिनिटांनी पुन्हा जोडला जातो आणि हाच फेरा पुन्हा सुरू होतो. रहिवासी तेव्हाही जनरेटरच्या मिस्त्रीलाच बोलावतात. त्यातला जो जाणता असतो तो इंजिनाला हात न लावता गच्चीवरचा स्विच पाडतो, दिवे स्थिर झाल्याची खात्री करतो, आणि जनरेटर चालू असताना इन्व्हर्टरला रोखणारा किंवा त्याचे उत्पादन भारापुरते आवरणारा नियंत्रक बसवायला सांगून, मग न्यूट्रलचे सांधे पाहण्यासाठी मीटरच्या पेटीकडे वळतो.